धोंडूकाकांची न पडलेली वाट

धोंडूकाका गेल्याचा निरोप मला राजापुरात रत्नागिरीहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने दिला. कचेरीच्या पायरीशी उभ्या उभ्याच तो म्हणाला, "तुमचे ते सुकाणी गेले हो, भाऊसाहेब. परवा सकाळी. झोपेतच गेले म्हणतात." मी अरेरे म्हटले, आत येऊन टेबलाशी बसलो आणि हातातला अर्धा लिहिलेला कागद पुरा केला. त्या घटकेला माझ्या मनात पहिल्याने काय आले ते सांगितल्यावाचून धोंडूकाकांवर चार ओळी लिहिण्याचा मला अधिकार नाही. दुःख मागाहून आले, रात्री जेवताना. आधी आली ती सुटका. अकरा वर्षे एक गोष्ट मी त्यांना सांगणार होतो. दर गणपतीला, दर शिमग्याला रत्नागिरीस जाताना वाटेत शब्द जुळवीत होतो, आणि येताना तेच शब्द परत घेऊन येत होतो. ती गोष्ट आता सांगायला नको, असे मला वाटले. आपल्याला मुलासारखे मानणारा माणूस गेल्यावर ज्याला हायसे वाटते तो माणूस कसा असतो, हे त्या दिवशी मी पाहिले.

अकरा वर्षांपूर्वी मी नुकताच रत्नागिरीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. धोंडूकाकांच्या घराशेजारी आमचे बिऱ्हाड होते. ते आगबोटीवर सुकाणी होते, म्हणजे बोटीचे चाक धरून दिशा राखणारे. पंचवीस वर्षे समुद्रावर काढून ते घरी बसले होते. बायको आधीच वारली होती, मुलगा मुंबईस गोदीत, घरात सून आणि ते. बोट सोडताना कप्तानाने त्यांना आपली दुर्बीण दिली होती. काळा रंग जागोजागी उडून आतले पितळ दिसत होते आणि उजव्या डोळ्याच्या फिरत्या कडीवर चाकूने केलेली एक बारीक चीर होती. उन्हात पाण्याकडे बघून बघून त्यांचा उजवा डोळा अधू झाला होता. कडी त्या चिरेवर आणली की त्यांना स्वच्छ दिसे.

परसाच्या टोकाला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, होता. सकाळ-संध्याकाळ ते त्याच्यावर बसत, समुद्राकडे पाठ करून. मी नवा होतो. एकदा सहज विचारले, "काय धोंडूकाका, आगबोट दिसते का?"

"आगबोटीला दुर्बीण कशाला? तिचा धूर आंधळ्याला पण दिसेल," ते म्हणाले. "आणि बोट हाय माझ्या पाठीला. मी हळद्या पाखरू बघतोय. पाणी पुष्कळ बघितलं. आता जरा झाडं बघतो."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांना लावली आणि मला अंधार दिसला. मग माझ्याच पापण्या दिसल्या, केरसुणीच्या हिरांएवढ्या जाड. मग दोन चंद्र दिसले, एकमेकांना न भेटणारे. एकात नुसती पाने, दुसऱ्यात नुसते आभाळ. हात जरा हलला की सगळे झाड गदागदा हलत होते.

"दिसला हळद्या?" त्यांनी विचारले.

"दिसला," मी म्हणालो.

"काय करतो?"

"बसलाय."

"तो मघाच उडाला, मेल्या." ते इतके हसले की गडग्यावरून खाली उतरले. "दिसत नसेल तर दिसत नाय म्हणावं. कारकुनाला तेवढं कळत नाय?"

मीही हसलो. पण हा प्रसंग मी मुद्दाम लिहिला आहे. पुढे जे झाले त्याचे मूळ त्यातच आहे. मला दिसत नव्हते आणि दिसते असे मी म्हणालो. ते कोणी म्हणायला लावले नव्हते.

महिनाभर त्यांनी मला शिकवले. दोन्ही नळ्या जवळ आणायच्या, दोन चंद्रांचा एक होईपर्यंत. आधी डावा डोळा नीट करायचा, मग उजवा. आणि सगळ्यांत मोठा धडा असा, की पाखरू आधी नुसत्या डोळ्यांनी धरायचे आणि मग नजर न काढता दुर्बीण वर आणायची. "डोळा खाली आणू नको. दुर्बीण वर आण. सुकाण्याने होकायंत्र बघायला मान खाली घातली की बोट गेली," असे ते म्हणत. मी नेमकी मान खाली घाली. पाखरू उडून जाई आणि मी रिकाम्या फांदीकडे मोठ्या भक्तिभावाने बघत बसे. ते मग गडग्यावर टिचकी मारून म्हणत, "उतरा आता, देव देवळात नाय."

चैत्र लागला तेव्हा एका रविवारी त्यांनी मला पहाटे उठवले. होडीने भाट्याची खाडी ओलांडून आम्ही पलीकडच्या एका गावच्या देवराईत गेलो. गावाचे नाव मी लिहीत नाही. होडीतून उतरल्यावर धोंडूकाका थांबले. म्हणाले, "आता दाखवतो ते कोणाला सांगायचं नाय. कचेरीत नाय, घरात पण नाय."

"माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हणालो.

"विश्वास नसता तर होडीत घेतला असता?"

देवळामागे जुने बेहड्याचे झाड होते. त्याच्या बुंध्यात, दोन पुरुष उंचीवर, एक ढोली होती आणि तिचे तोंड चिखलाने लिंपून टाकलेले दिसत होते. आम्ही समोरच्या झाडीत बसलो. बऱ्याच वेळाने पंखांचा मोठा आवाज झाला, कोणी ओले धोतर झटकावे तसा, आणि ककणेर आला. काळा-पांढरा, मोठा पक्षी. पिवळी जाड चोच आणि त्या चोचीवर दुसरी चोच ठेवावी तसे शिंग. मी नजर हलवली नाही. दुर्बीण वर आणली. आणि पहिल्यांदाच दोन चंद्रांचा एक झाला.

लिंपलेल्या तोंडात एक उभी फट होती. फटीतून मादीच्या चोचीचे टोक बाहेर आले. नराने गळ्यातून एक उंबर काढले, चोचीच्या टोकावर धरले आणि फटीत दिले. मग दुसरे. मग तिसरे. मी मोजत होतो, पण दहाच्या पुढे मोजायचे विसरलो. त्याच्या डोळ्याभोवतालची कातडीची सुरकुती मला दिसली. उंबरावरची लव दिसली. धोंडूकाका कानाशी सांगत होते, मादी स्वतःला आतून कोंडून घेते, अंडी घालते, आतच तिची पिसे झडतात, आणि पिल्लू मोठे होईस्तोवर तो एकटा तिला भरवतो. तो मेला तर आत सगळी मरतात. "तीन वर्षं बघतोय," ते म्हणाले. "ह्याच झाडात येतात." मी दुर्बीण खाली घेतली तेव्हा माझे डोळे ओले होते. त्यांनी ते पाहिले. येताना होडीत त्यांनी दुर्बीण माझ्याच गळ्यात राहू दिली.

आता पुढचे.

त्या वर्षी माझे कुटुंब बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळले होते. गुडघे धरले होते, उठवत नव्हते. डॉक्टरचे औषध चालू होतेच, पण माझ्या आईने झाडपाल्याचे औषध देणाऱ्या बाबाजीलाही बोलावले होते. तो येई, काढा देई, ओटीवर बसून गप्पा मारी. एके दिवशी तो म्हणाला, "ह्याच्यावर एकच खरा उपाय. ककणेराच्या चरबीचं तेल. पण पाखरू आता दिसत नाय. आणि दिसलं तरी घरटं कुठं ते कोणाला ठावं?" मग माझ्याकडे बघून तो हसला. "भाऊसाहेब दुर्बीण घेऊन फिरतात म्हणे. पण ती कारकुनी दुर्बीण. तिच्यातून कावळेच दिसायचे."

आई हसली. घरात आलेले शेजारी हसले. मी म्हणालो, "ककणेराचं घरटं मी पाहिलंय."

"पाहिलंत? कुठं?"

मी सांगितले. देवराई सांगितली, देवळामागचा बेहडा सांगितला, ढोली किती उंचीवर आहे तेही सांगितले. तो मान डोलवीत म्हणाला, "म्हणजे दिसतं तुम्हाला." आणि मला बरे वाटले... हे खरे आहे. मला बरे वाटले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. देवराईत शिरलो तेव्हाच धोंडूकाका थबकले. ढोलीचे तोंड फोडलेले होते. खाली चिखलाच्या खपल्या आणि काळी-पांढरी पिसे. बुंध्याला टेकवून ठेवलेली बांबूची शिडीही न्यायची कोणी तसदी घेतली नव्हती. आणि तेवढ्यात नर आला. तो ढोलीच्या कडेला बसला, गळ्यातून उंबर काढले आणि आत धरले. ते आत पडले. दुसरे धरले. ते बाहेर घरंगळून पाल्यात पडले. तो मान वाकडी करून आत पाहत राहिला. दुर्बीण माझ्याकडे होती. हात अजिबात हलत नव्हते, दोन चंद्रांचा एकच चंद्र होता, आणि मला सगळे इतके स्वच्छ दिसत होते की तसे आधी कधी दिसले नव्हते आणि पुढेही दिसले नाही.

गुरव देवळात झाडलोट करीत होता. धोंडूकाकांनी त्याला विचारले. तो म्हणाला, "लाकडाला कोणी हात लावला नाय. काटकी पण नेली नाय. देवाचं काय गेलं?" देवराईचा नियम झाडांपुरता. पाखराला तो लागत नाही. बाबाजीला सांगताना हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, हेही सांगून टाकतो.

मग धोंडूकाका आमच्या बसायच्या जागेवर गेले आणि उलट वळून उभे राहिले. देवळाच्या मागच्या कोपऱ्यापासून त्या जागेपर्यंत वाळक्या गवतातून एक वाट पडलेली होती. दोरी ताणावी तशी सरळ. तीन वर्षे ते त्याच वाटेने येत होते. वाट त्यांच्या बसायच्या जागेशी संपत होती आणि तिथून समोर पाहिले की बेहडाच दिसत होता.

"माझंच चुकलं," ते म्हणाले.

मी तोंड उघडले. पण तेच पुढे बोलू लागले.

"पंचवीस वर्षं पाण्यावर चाललो. मागं वळून बघावं तर फेस, आणि घटकाभरानं तो पण नाय. पाण्यावर वाट रहात नाय, बाबा. जमिनीवर रहाते, ते मी विसरलो. मीच बोट दाखवून ठेवलं त्यांना."

तेव्हा सांगायला हवे होते. त्या पाल्यात उभे राहून, नर अजून वर बसलेला असताना, एक वाक्य बोलायचे होते. मी म्हणालो, "असं कसं म्हणता काका, तुमचा काय दोष?" ऐकणाऱ्याला ते सांत्वन वाटावे असे ते वाक्य होते. होडीत त्यांनी दुर्बिणीचा पट्टा माझ्या गळ्यात नीट बसवला आणि म्हणाले, "ही तुझ्याकडेच ठेव. माझ्याकडून दाखवलं जातं."

दोन दिवसांनी बाबाजी एक लहान बाटली घेऊन आला. मी ती घेतली. आईने ती माजघरातल्या फडताळात ठेवली. कशाची आहे ते मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

माझी राजापुरास बदली झाली तेव्हा दुर्बीण माझ्याबरोबर आली. ट्रंकेत राहिली. वर्षातून दोनदा रत्नागिरीस गेलो की धोंडूकाका विचारीत, "बघतोस ना?" मी "बघतो" म्हणे. काय बघतोस असे त्यांनी विचारले की एखाद्या पाखराचे नाव सांगे. हळद्या, तांबट, भारद्वाज... पहिल्या दिवशी न दिसलेला हळद्या दिसला म्हणालो होतो, तसाच. फरक इतकाच की आता ते हसत नव्हते. आता ते विश्वास ठेवीत होते.

शेवटची भेट या गणपतीत झाली. ते खाटेवर होते, बारीक झाले होते. सुनेने उशाला लोड लावून बसवले. बराच वेळ पावसाचे, नारळाचे बोलणे झाले. मी उठलो तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. "ती वाट अजून हाय काय रे?" कोणती असे मी विचारले नाही. मी अकरा वर्षांत त्या देवराईत पाऊल टाकले नव्हते. पण म्हणालो, "नाही काका. गवत वाढलंय. काही दिसत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले आणि मनगट सोडले.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आधी कुटुंबाला सर्व सांगितले. इतकी वर्षे तिलाही ठाऊक नव्हते. सांगताना एका गोष्टीचा मला आधार होता. चूक झाली, पण तिच्या दुखण्यापायी झाली, बायको अंथरुणावर असताना माणूस काय करील, असे मी मनाशी धरून होतो. अकरा वर्षे त्या एका वाक्यावर मी झोपत होतो. ती तांदूळ निवडीत होती. हात न थांबवता म्हणाली, "काय बोलता? तेल आलं तेव्हा मी चालत होते."

"चालत होतीस?"

"डॉक्टरच्या औषधानं उतार पडला होता. बाबाजी तुम्हाला पाखराचं विचारीत होता तेव्हा मीच नाही का ओटीवर त्याला पाणी आणून दिलं? आठवत नाही?"

आठवले. पाण्याचा तांब्या आठवला. तो धरलेला हात आजवर मला कधी दिसला नव्हता.

"मग त्या तेलाचं काय झालं?" मी विचारले.

ती जरा घुटमळली. "वास येत होता त्याला. अंगाला लाववेना मला. न्हाणीच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला घातलं. तुम्हीच म्हणाला होतात, आता दार कसं गप झालं म्हणून."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

दिवाळीनंतर रजा काढून रत्नागिरीस गेलो. दुर्बीण फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली होती. धोंडूकाकांच्या घरच्यांना ती परत करावी आणि खरे काय ते सांगावे, असे ठरवून गेलो. सून पडवीत सुपारी सोलत होती. दुर्बीण पुढे केली तर तिने हात मागे घेतले.

"तुमच्याकडेच असू दे, भावोजी. मामंजी सांगून गेलेत. म्हणायचे, त्याच्या हातून पाखराला धोका नाय."

मग मी सांगितले. खाली बघून सांगितले. बाबाजी सांगितला, बेहडा सांगितला, वाटेचे सांगितले. सुपारी सोलायचा आवाज मध्येच थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

"म्हणजे वाटेनं नव्हे तर," ती म्हणाली.

"नाही."

"आणि आम्ही म्हाताऱ्याला हसायचो." ती बाहेर परसाकडे बघत राहिली. "बाजारात जायचं तरी काल गेले त्या वाटेनं आज जायचे नाहीत. देवळात जायचे ते वळसा घालून, एकदा इकडून, एकदा तिकडून. पोरं म्हणायची, आजोबा वाकडे चालतात, बोटीवरची चाल अजून गेली नाय. मी पण चिडायचे. एकदा म्हटलं, मामंजी, सरळ चाललात तर काय बिघडेल? तर म्हणाले, सरळ चाललो होतो एकदा..." ती थांबली. "हे त्यांना सांगायचं होतंत, भावोजी. मला सांगून काय उपयोग? बसा, चहा टाकते."

ती आत गेली. मी परसाकडे वळलो. सकाळची वेळ होती. कार्तिकातले गवत पिवळे पडत आले होते, दव अजून वाळले नव्हते. टोकाला गडगा होता आणि त्यावर धोंडूकाकांची बसायची जागा. दगड तिथे झिजून गुळगुळीत झाला होता, थोडा खोलगटच. अकरा वर्षे रोज दोन वेळा ते तिथे गेले होते. घराच्या मागल्या दारापासून विहिरीला वाट होती, गोठ्याला वाट होती. गडग्याला वाट नव्हती. सगळे गवत सारखे उभे होते. एका जागी दोनदा पाऊल पडू नये म्हणून एक म्हातारा, अधू डोळ्याचा माणूस, रोज खाली बघत, नवी जागा शोधत, त्या वीस-पंचवीस हातांतून चालला होता. माझ्यामुळे.

मी गडग्यापाशी गेलो. त्यांच्या जागेवर बसलो नाही. फडके सोडले, उजव्या डोळ्याची कडी चिरेवर आणली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांच्या डोळ्याचे माप माझ्या डोळ्याला जुळत नव्हते. झाडे धुरकट दिसली. कडी मी तशीच राहू दिली.

आतून हाक आली, "भावोजी, चहा." मी वळलो. मागल्या दारापासून माझ्या पायांपर्यंत, दवाच्या गवतातून, एक काळपट रेघ उठली होती. दोरी ताणावी तशी सरळ.